गोविंदा, हे मागाचं दुखणं नव्हतं

गोविंदा,

पेपरात तुझा फोटो छापून आला. खाली लिहिलं आहे, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मजकूर तुझ्या राजेशने दिला होता. मी त्याला विचारलं, "अल्पसा म्हंजे केवढा रे?" तो म्हणाला, "मोठी माय, असंच लिहितात." तेही खरंच. पण तुझा आजार अल्पसा नव्हता. तो तुझ्यासोबत इतकी वर्षं जेवला, झोपला, की आम्ही त्याला तुझा स्वभाव समजलो.

म्हणून मी वेगळं लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतची. जसं येतं तसं लिहिते. तू असतास तर म्हणाला असतास, वैनीचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. म्हण.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतो. पुण्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही, कोणाला हात लावायला लावला नाही, बसल्या जागी गेला. पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीही. मग एका बाईला मी म्हटलं, "बसल्या जागी कोणी जात नाई बाई. जाऊन राह्यलेला माणूस आपल्याले बसलेला दिसते." तिने चहा अर्धा ठेवला आणि उठली. जाऊ दे. चहा मी प्याले.

मला आता तुझ्यापेक्षा सुमनची काळजी आहे. तुझी बायको आतल्या खोलीत कोनात बसली आहे. आपल्याकडचा रिवाज तुला माहीतच आहे. नवरा गेला की बाईने घराचा कोपरा धरायचा. माहेरचा भाऊ लुगडं घेऊन येईल, हाताला धरून उठवील, तेव्हा उंबरठा ओलांडायचा. तोवर दारात यायचं नाही, अंगणात बसायचं नाही, कोणाच्या समोर पडायचं नाही. तिचा भाऊ देवाजी लाखांदूरकडे शेती करतो. तिथे धानाची रोवणी सुरू आहे. तेरवीला येऊन लगेच परतला, म्हणाला, "रोवणी आटपली की लुगडं घेऊन येतो." रोवणी मजुरांवर, मजूर पाण्यावर. कधी आटपेल ते देवाजीलाही ठाऊक नाही.

तोवर सुमन भिंतीकडे तोंड करून बसली आहे. ताट देते तर दोन घास खाते. रात्री तिचा डोळा लागत नाही हे मला कळतं, कारण म्हातारपणी माझाही लागत नाही. ब्लडप्रेशरची गोळी घे म्हटलं तर "घेतो" म्हणते आणि घेत नाही. "कसं वाटून राह्यलं?" विचारलं की म्हणते, "ठीक हाये, बाई."

गोविंदा, हे शब्द तुझे आहेत. मला त्याचीच भीती वाटते. या घरातून एक माणूस "ठीक हाये" म्हणत म्हणत गेला. दुसरं जाऊ द्यायचं नाही. तुझ्याशी बोलायला बसले ती यासाठीच. रडायला वेळ पुढे आहे.

मी या घरात आले तेव्हा तू नाकातून शेंबूड वाहणारा पोरगा होतास. तुझे दादा शांत, आणि तू भांडखोर. पवनीच्या आपल्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग होते आणि एकेका भिंतीआड एकेक माणूस विणत बसलेला. तू मागावर बसायला लागलास तसा भिंतीपलीकडच्याशी भांडत विणायचास. निवडणूक असो, नदीचा बाजार असो, कोणाच्या लग्नातलं वरण पातळ झालेलं असो. विषय संपला की मी होतेच. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या मी भरायचे.

"वैनी, हे कांडी भरली का गोधडी शिवली?"

"हात तुहा जड. सूत तुटते आन कांडीले बोलतो."

"माह्या हातानं इनलेलं लुगडं नागपूरच्या बाया नेसतात."

"नेसतात, कारण त्याइले तुहं तोंड दिसत नाई."

सुमन नवी नवरी होती तेव्हा ती घाबरायची. तिला वाटायचं आता मारामारी होणार. मी तिला सांगितलं, हा बोलतो तोवर चिंता नाही. हे मी तेव्हा सहज म्हटलं होतं. त्यात एवढं खरं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग भंडाऱ्यातून गोंदिया वेगळं काढलं. त्याच सुमारास विणकरांच्या सोसायटीचं सूत यायचं थांबलं. जिल्ह्याचा आणि सुताचा काही संबंध नव्हता, पण आपल्या गल्लीत ते एकत्रच आठवतात. सुरुवातीला महिन्याभराचा खंड, मग हंगामाचा, मग सोसायटीच्या दाराला कुलूप. एकेक जण उठला. कोणी भाजीचं दुकान टाकलं, कोणी नागपूरला पॉवरलूमवर गेला. तू सगळ्यांना शिव्या घालत सर्वांत शेवटी उठलास.

आपला माग खड्ड्याचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, उजव्या हाताने धोट्याची दोरी ओढायची, डाव्या हाताने फणी ठोकायची. राजेशच्या लग्नाच्या वेळी घरात फरशी घालायची ठरली. फरशी म्हणजे खड्डा बुजवणं आलं. राजेश तुला विचारायला घाबरत होता. मला पुढे केलं. मी पदर खोचून तयारीतच होते, की आता तू घर डोक्यावर घेणार, मी दोन ऐकवणार, तू चार ऐकवणार. मी म्हटलं, "गोविंदा, खड्डा बुजवाचा हाये म्हंतात."

तू म्हणालास, "बुजवा."

आणि चप्पल घालून चौकात गेलास.

मी तिथेच उभी राहिले. माझ्याजवळ तुझ्यासाठी ठेवलेली सगळी उत्तरं तशीच राहिली.

पुढे तू भंडारा रोडच्या एका भात गिरणीवर चौकीदार लागलास. फाटकाजवळ प्लास्टिकची खुर्ची. ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. तिथला पोरगेला मुनीम तुला "ए बुढ्या" म्हणायचा. ज्याला जन्मभर गल्लीने "गोविंदा कारागीर" म्हणून ओळखलं, तो तू मान हलवून उठायचास. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तुझा डबा घरी राहिला होता म्हणून मीच घेऊन आले होते. त्या मुनिमाला मी काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. तू मला फाटकाबाहेर नेलंस आणि म्हणालास, "कायले बोलतं वैनी. तो काय चूक बोल्ला? बुढा तर हाये मी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निर्धास्त परतले असते.

त्यानंतर तू लग्नाकार्याला जाणं सोडलंस. मांडवात कोणीतरी विचारतंच, "काय करून राह्यले आता?" उत्तर द्यायला नको म्हणून तू घरीच. तंबाखू-सुपारीचा खर्रा वाढला. एक पुडी संपायच्या आत दुसरी घोटत बसायचास. दिवसभर हातापायांनी राबलेलं शरीर खुर्चीवर बसून राहिलं. झोप उडाली. सगळ्यांच्या आधी उठून ओट्यावर बसायचास, तोंड रस्त्याकडे, पण रस्ता बघायचा नाहीस.

आणि घरात आम्ही काय म्हणत होतो? गोविंदा सुधारला. वय झालं, शहाणपण आलं. सुमन माझ्याजवळ खुशीत म्हणाली होती, "बाई, आता भाजीले नावच ठेवत नाई. जे वाढलं ते खातात." शेजारच्या बायका तिला म्हणाल्या, तुझं नशीब उघडलं. एका माणसाचा जीव विझत चालला होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट दिलं. मी यात कोणाला वेगळं काढत नाही. आपल्याकडे ओरडणाऱ्याला आजारी समजतात. गप्प बसणाऱ्याला संत.

मग तुझा डावा हात दुखायला लागला. नदीच्या घाटावरून वर येताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, दुखणं खांद्यातून कोपरापर्यंत उतरायचं. थांबलास की थांबायचं. आता ज्याला दोन शब्द कळतात तोही म्हणेल, दवाखान्यात ने. पण आपण कारागिरांची गल्ली. आपल्याकडे प्रत्येक पुरुषाचा डावा खांदा दुखतो आणि प्रत्येकाची छाती भरून येते. त्याला मागाचं दुखणं म्हणतात. डाव्या हाताने जन्मभर फणी ठोकलेली, छाती जन्मभर मागावर वाकलेली, दुखणारच. त्यावर औषधही ठरलेलं. मोहाच्या बियांचं तेल गरम करायचं आणि चोळायचं.

तुझ्या दुखण्याची पंचायत ओट्यावर बसली. आबाजी म्हातारा म्हणजे गल्लीतला सगळ्यांत जुना विणकर. त्याने तुझा खांदा दाबून पाहिला.

"खांद्यातून निंगते का कोपरातून?"

"छातीतून. मंग खांद्यात जाते."

"मंग मागाचंच हाये. माह्या बापालेही असंच होतं."

मी दारात तांदूळ निवडत होते. विचारलं, "आबाजी, तुमचे बाबा कायनं गेले हो?"

"माहा बाप? जेवता जेवता गेला. हातात घास होता. पुण्यवान माणूस."

"आन तुमचा काका?"

"तो धोतर नेसता नेसता."

"म्हंजे सारेच पुण्यवान," मी म्हटलं.

आबाजीला माझं बोलणं लागलं नाही. त्याला ऐकूही कमी येतं. मी तुझ्याकडे वळले. "गोविंदा, मागावरून उठून तुले किती साल झाले? आता कुठून आलं मागाचं दुखणं?"

आबाजी म्हणाला, "ते हाडात राह्यते."

आणि तू माझ्यावर डोळे वटारलेस. "वैनी, तुले काय समजते? तू कधी मागावर बसली काय?"

किती दिवसांनी तू मला असं बोललास. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या बऱ्या वाटण्यात आणखी काही दिवस तेल चोळण्यात गेले.

शेवटी सुमन आणि मी तुला एसटीत घालून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरीण राजेशच्या वयाची, बोलणं सरळ. तिने छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्त तपासलं. म्हणाली, काळजाला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या आहेत, प्रेशरही जास्त आहे. खर्रा बंद, गोळ्या रोज, चालणं रोज, पुढची तपासणी नागपूरला. हे सगळं आम्हाला कळलं. मग तिने तुला विचारलं, "काका, झोप लागते का?"

"लागते."

"कशात मन लागतं?"

"ठीक हाये."

तिने तुला बाहेर बसायला सांगितलं आणि आम्हाला थांबवलं. सुमन पुढे होऊन म्हणाली, "मॅडम, आता तर लय शांत झाले हो. पहिले दिवसभर भांडत."

"कधीपासून शांत झाले?"

"माग बंद झाल्यापासून."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. तिने जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. माणसाचं मन खचलं आणि खचलेलंच राहिलं, तर ते मनातच राहत नाही. झोप जाते, चालणं जातं, तंबाखू वाढते, गोळी घ्यावीशी वाटत नाही. आणि वरून दिसत नसलं तरी आत शरीर सारखं ताणलेलं राहतं, जसं कोणी अंगावर धावून येत आहे. तो ताण प्रेशरमध्ये उतरतो, नळ्यांमध्ये उतरतो. मग काळीज दुखायला लागलं की माणूस आणखी खचतो. दोन आजार एकमेकांना धरून चालतात. म्हणून एकावर गोळी दिली आणि दुसरा तसाच ठेवला तर भागत नाही. त्याच इमारतीत मनाचे डॉक्टर बसतात, आजच दाखवून जा, असं ती म्हणाली. मी विचारलं, "बाई, घर चांगलं, पोरगा कमावता, मंग ह्याले कायचं दुःख?" ती म्हणाली, "आजी, ज्या कामानं माणसाला मान मिळतो ते काम गेलं, तर पोट भरलेलं असूनही माणूस खचतो."

आम्ही तुला घेऊन त्या खोलीकडे गेलो. बाहेर बाकावर आपल्या पवनीचाच एक ओळखीचा माणूस मुलाला घेऊन बसला होता. तू त्याला पाहिलंस, त्याने तुला पाहिलं, आणि तू जागच्या जागी वळलास.

"मी पागल नाई होय, वैनी."

"कोणी म्हटलं पागल?"

"ह्या बाकावर बसलो का पवनीत पोचाच्या आत म्हंतील."

परतीच्या एसटीत सुमन पुढच्या सीटवर, तू आणि मी मागे. सगळी वाट मी तुझं डोकं खाल्लं. मन दुखणं म्हणजे वेड नाही, डॉक्टरीण शिकलेली आहे, एकदा दाखवायला काय जातं. तू खिडकीबाहेर पाहत होतास. पवनीच्या अलीकडे तू म्हणालास, "वैनी, एक सांग. मनाची गोळी खाऊन माग चालू होते काय?"

जन्मभरात पहिल्यांदा तू मला गप्प केलंस, आणि तुला जिंकल्याचा आनंदही झाला नाही.

काळजाच्या गोळ्या तू काही दिवस घेतल्यास. मग तोंड कडू होतं म्हणून सोडल्यास. नागपूरची तपासणी पुढच्या महिन्यावर गेली, मग त्याच्या पुढच्या. सुमन म्हणायची घ्या, तू म्हणायचास घेतो. मी ओरडायचे, तू म्हणायचास ठीक आहे.

आणि त्या सकाळी गिरणीच्या फाटकाजवळ खुर्चीवर गेलास. किती वाजता ते कोणालाच माहीत नाही. धानाचा एक ट्रक आत गेला, फाटक उघडंच होतं. मुनीम तुझ्यासमोरून चहा घेऊन गेला. हमाल गेले. तू मान खाली घालून बसला होतास आणि रोजच तसा बसायचास. गप्प बसण्याची तुझी इतकी सवय सगळ्यांना झाली होती, की मेलेला तू आणि जिवंत तू यांत फरक कळायला दुपारची जेवणाची सुट्टी व्हावी लागली. एका हमालाने खर्रा मागायला तुझ्या खांद्याला हात लावला.

याला लोक झटका म्हणतात. झटका कसला? इतक्या हळू चालत आलेल्या गोष्टीला झटका म्हणायचं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आता आहे. उशिरा सुचलं, पण ऐकून घे. नाही, मनाची गोळी खाऊन माग चालू होत नाही. तेवढं तू बरोबर बोललास. सोसायटीचं कुलूप गोळीने उघडत नाही, आणि "ए बुढ्या" म्हणणाऱ्याचं तोंड बंद होत नाही. जे तुझं गेलं ते डॉक्टर देऊ शकत नव्हता. त्यासाठी बाकीच्यांनी काहीतरी करायला हवं होतं, गावाने, सरकारने, घराने. पण माग बंद झाला म्हणून तूही बंद पडायलाच पाहिजे, हे कोणी ठरवलं? गोळीने झोप लागली असती. झोपेने डोकं हलकं झालं असतं. हलक्या डोक्याने तू त्या मुनिमाला एक सणसणीत उत्तर दिलं असतंस, नोकरी गेली असती, आणि घरी येऊन माझ्या भाजीला नावं ठेवली असतीस. एवढंच झालं असतं. मला तेवढं पुरलं असतं.

आता एक गोष्ट, जी आपण कधी बोललो नाही. तुझे दादा गेले तेव्हा मीही कोनात बसले होते. तेव्हा रिवाज आजच्यापेक्षा कडक. माझ्या सासूने दाराला पडदा लावला होता. माझं माहेर दूर, भावाचा पत्ता नाही. मला आठवतं, मी कौलांतून येणारा उजेड भिंतीवर सरकताना बघायचे आणि तेवढाच दिवस असायचा. खावंसं वाटायचं नाही. बोलावंसं वाटायचं नाही. कोणी विचारलं तर मीही म्हणत असेन, ठीक आहे. मग एका सकाळी तू पडदा बाजूला करून आत आलास, कांड्या भरायचा चरखा माझ्यापुढे आपटलास आणि म्हणालास, "वैनी, कांड्या सरल्या. माग थांबला. रडाचं तर भरता भरता रड." सासू मागून ओरडत होती, कोन मोडला, कोन मोडला. तू तिला म्हणालास, "माय, कोन मोडला तं मोडला. वैनी मोडू नोको."

तुला तेव्हा मनाचं, काळजाचं काही माहीत नव्हतं. तुला कांड्या हव्या होत्या, असंच तू मरेपर्यंत सांगत राहिलास. मीही कधी आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आता मानते. घे.

एवढं लिहून मधे काही दिवस कागद तसाच पडून राहिला. परवा मी सुमनजवळ गेले आणि म्हटलं, "ऊठ. दवाखान्यात जाचं हाये."

तिने मान वर केली नाही. "भाऊ येईल, बाई. लुगडं घेऊन येतो म्हंला."

"तुह्या भावाची रोवणी होत राहील. तुहं प्रेशर तेवढे दिवस थांबत नाई."

"लोक हासतील."

"हासू दे. दोन दिवस हासतील, मंग त्याइचे गाल दुखतील."

राजेश दारात येऊन उभा राहिला. त्याने देवाजीला फोन लावला होता. देवाजीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, की माहेरच्यांचा मान आहे, वैनीबाई मोठ्या असून असं करतात. राजेश मला म्हणाला, "मोठी माय, थोडे दिवस थांबू ना. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "पुण्यवान म्हंतील. तुह्या बापाले म्हटलं तसं."

राजेशने फोन बंद केला. मग आत गेला आणि आईची चप्पल घेऊन आला. माझं काम तिथे संपलं होतं. पोराने पायांजवळ चप्पल ठेवल्यावर सुमन उठली. इतके दिवस बसून तिचे पाय धरले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने उंबरठा ओलांडला. गल्लीत दोन बायका दारात होत्या, त्या आत गेल्या. आबाजी ओट्यावर होता. त्याने विचारलं, "कुठी चालल्या?" मी म्हटलं, "दवाखान्यात." तो म्हणाला, "मलेही दाखवा लागते एकदा." आम्ही त्याला उद्या ये म्हटलं.

सरकारी दवाखान्यात सुमनचं प्रेशर फारच वर निघालं. डॉक्टरने गोळी वाढवली, मीठ कमी सांगितलं, रोज सकाळी नदीपर्यंत चालायला सांगितलं. झोप आणि जेवणाचं विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमनच बोलली. झोप नाही, घास उतरत नाही, जीव नकोसा होतो, असं ती सगळं बोलली, खालमानेने, पण बोलली. पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं आहे. राजेश रजा काढणार आहे.

येताना ती तुझ्यावर चिडली. भर रस्त्यात. "मले रोज म्हनत होते ठीक हाये, ठीक हाये. मी काय डॉक्टर होती काय? एक दिवस तरी खरं सांगाचं होतं." लोक बघत होते. मी तिला थांबवलं नाही. तुझी बाजूही घेतली नाही. तुझं काही म्हणणं असेल तर ते तुझं तू बघ.

देवाजीचा राग आहे. तो लुगडं घेऊन येईल की नाही, माहीत नाही. गल्लीत माझ्याबद्दल बोलणं चालू आहे, तेही कानावर येतं. सुमन काही लगेच बरी झालेली नाही. काल दिवसभर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आज सकाळी मात्र नदीपर्यंत आली, अर्ध्या वाटेवर बसली, पुन्हा चालली.

दुपारी मी वरणभात वाढला. डॉक्टरने सांगितलं म्हणून मीठ नावालाच टाकलं होतं. तिने एक घास घेतला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

"बाई, हे वरन होय का ढोराचं पानी?"

"खा मुकाट्यानं."

"उद्या मी करतो. तुमी चुलीपाशी येऊच नोका."

गोविंदा, तिने माझ्या वरणाला नावं ठेवली आणि मग ते सगळं संपवलं.